ओटी टेक्निशियन कसा घडतो

सकाळी नऊची केस असेल, तर ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, दिवे साडेसातलाच लागतात. सर्जन अजून वॉर्डात राउंड घेत असतात, पेशंट स्ट्रेचरवरही आलेला नसतो. थिएटरमध्ये एक जण एकेका वस्तूला हात लावून ती तपासत असतो. भुलीच्या मशीनला पाइपलाइनचा ऑक्सिजन येतोय का, पाइपलाइन बंद पडली तर लागणारा सिलिंडर भरलेला आहे का, श्वासनळीत नळी घालताना घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतोय का, रक्त-स्राव ओढून घेणाऱ्या सक्शनला ओढ आहे का, टेबल दोन्ही बाजूंना झुकतंय का. हा ओटी टेक्निशियन. पदवीच्या कागदावर ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजिस्ट. बऱ्या झालेल्या पेशंटला सर्जन आठवतात, भूल देणारे डॉक्टर आठवतात, हा माणूस बहुधा आठवत नाही. कारण त्याचं बरंचसं काम पेशंट आत येण्याआधी आणि पेशंट झोपल्यावर होतं.

बारावी सायन्सच्या निकालानंतर घरोघरी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), फार्मसी, नर्सिंग यांची चर्चा होते. ओटीचं नाव उशिरा निघतं, आणि निघालं की 'डॉक्टरांच्या हातात सामान देणारा' एवढीच कल्पना असते. ही कल्पना अपुरी आहे. अपुऱ्या कल्पनेवर मुलं चुकीचा कोर्स निवडतात, म्हणून हे शिक्षण नेमकं कशाचं असतं ते जरा सविस्तर सांगतो.

आधी ओटीत कोण काय करतं ते पाहू. अमेरिकेत 'सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट' म्हणजे वॉश घेऊन (कोपरापर्यंत हात नियमानं धुऊन), गाऊन-ग्लोव्ह घालून सर्जनच्या शेजारी उभा राहणारा आणि हत्यारं देणारा माणूस. आपल्याकडे मोठ्या हॉस्पिटलांत ती जागा बहुतेक वेळा स्क्रब सिस्टरची असते. आपला टेक्निशियन भूलतज्ज्ञांच्या मदतीला असतो, मशीन सांभाळतो, पेशंटला पोझिशन देतो, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) चालवायला हातभार लावतो, निर्जंतुकीकरणाकडे बघतो. तालुक्याच्या छोट्या हॉस्पिटलात मात्र ही विभागणी टिकत नाही. तिथे तोच मशीन तपासतो, तोच वॉश घेतो, तोच केस संपल्यावर हत्यारं धुवायला टाकतो. मामा आणि मावशी (वॉर्डबॉय आणि आया) मदतीला असल्या तर असतात. म्हणून आपल्याकडच्या टेक्निशियनला दोन्ही यावं लागतं. अलाइड हेल्थच्या, म्हणजे तंत्रज्ञांसारख्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या, राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये नवे अभ्यासक्रम ठरवले, त्यातही भूलशास्त्र आणि ऑपरेशन थिएटर ही एकाच पदवीची दोन अंगं मानली आहेत. मला हे योग्य वाटतं.

महाराष्ट्रात या वाटेचा सर्वांत भक्कम दरवाजा म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे बॅचलर इन पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. लॅब, रेडिओग्राफी अशा शाखांमध्येच एक शाखा ओटीची. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय येतात, आणि अनेक मुलांना वाटतं, ओटीत उभं राहायला हे कशाला? सूक्ष्मजीवशास्त्राचं उत्तर पुढच्याच टप्प्यावर मिळतं.

काही जिवाणू संकटात सापडले की स्वतःभोवती जाड कवच बांधून झोपी जातात. या अवस्थेला स्पोअर म्हणतात. धनुर्वाताचे जंतू असेच मातीत वर्षानुवर्षं राहतात. उकळत्या पाण्यात साधे जंतू मरतात, स्पोअर तगून राहू शकतात. म्हणजे 'उकळून घेतलं' हे ओटीत पुरेसं नाही. इथे ऑटोक्लेव्ह येतो. शार्ल शांबरलांनं पॅरिसमध्ये १८७९ मध्ये बनवलेल्या यंत्राचंच हे पुढचं रूप. दाबाखाली वाफ १२१ अंश सेल्सियसला नेतात आणि सामान कसं बांधलंय त्यानुसार साधारण १५ ते ३० मिनिटं तिथे ठेवतात. आतली हवा आधी ओढून काढणाऱ्या व्हॅक्यूमच्या मशीनमध्ये १३४ अंशांवर ३-४ मिनिटं पुरतात. कोरड्या गरम हवेला हेच काम करायला १६० अंशांवर दोन तास लागतात. हा फरक का पडतो? वाफ थंड हत्याराला लागली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना तिच्यात साठलेली सगळी उष्णता ती त्या जागी सोडते. जंतूंना मारते ती ही उष्णता. त्यामुळे वाफ जिथे पोचली नाही, तिथे काहीच झालं नाही.

टेक्निशियनचं अर्धं शिक्षण या एका वाक्यात आहे. ड्रममध्ये, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायच्या धातूच्या डब्यात, कपडे कोंबून भरले तर मध्ये हवेचा कप्पा राहतो, तिथे वाफ शिरत नाही. कात्री किंवा आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) मिटवून, लॉक करून ठेवली तर सांध्यात वाफ जात नाही. हत्यारावर वाळलेलं रक्त राहिलं तर त्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. म्हणून आधी धुणं, आणि धुणंही गार पाण्यानं. गरम पाण्यात रक्तातली प्रथिनं थिजून चिकटतात. हत्यारं सलाइनमध्ये भिजत ठेवायची नाहीत, स्टीलला खड्डे पडतात. ड्रमवर लावलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या की नवशिक्याला वाटतं काम झालं. टेप एवढंच सांगते की हा ड्रम मशीनमधून जाऊन आला. आतल्या गठ्ठ्याच्या मध्यावर काय झालं हे तिला माहीत नसतं. त्यासाठी पॅकच्या आत ठेवायची पट्टी वेगळी. व्हॅक्यूमच्या मशीनची हवा नीट निघते का हे पाहायला रोज सकाळी रिकाम्या मशीनवर बोवी-डिक चाचणी. आणि शेवटचा पुरावा म्हणून प्रत्यक्ष जिवंत स्पोअर: जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या चिवट जिवाणूचे स्पोअर असलेली कुपी सामानासोबत आत ठेवतात, बाहेर काढून उबवतात, आणि काही वाढलं नाही तरच ती फेरी खरी मानतात.

प्लॅस्टिक, दुर्बिणी, केबल ही उष्णता सोसत नाहीत. त्यांना इथिलीन ऑक्साइड वायू किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा. कुठे काय वापरायचं हे तक्ता पाठ करून येत नाही. वस्तू कशाची आहे आणि शरीरात कुठे जाणार आहे, हे दोन प्रश्न विचारायची सवय लागावी लागते.

निर्जंतुक केलेली वस्तू तशीच राखणं हा पुढचा भाग, आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. जोसेफ लिस्टरनं १८६७ मध्ये जखमा आणि हत्यारं कार्बोलिक आम्लानं धुवायची पद्धत मांडली, तेव्हापासून ओटीचे नियम वाढत गेले. हातमोज्यांची गोष्ट तर या कामाच्या अगदी जवळची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १८८९-९० च्या सुमारास कॅरोलिन हॅम्प्टन ही नर्स ऑपरेशनला मदत करायची. हात धुण्याच्या पाऱ्याच्या औषधानं तिची त्वचा फाटायची. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करून घेतले. हत्यारं देणाऱ्या माणसाच्या हातांसाठी आलेले मोजे पुढे सर्जननीही घातले, आणि मग लक्षात आलं की जखमा चिघळण्याचं प्रमाणही कमी होतं आहे.

आज वॉश घ्यायला शिकवताना नियम सांगतात ते असे. बोटांच्या टोकांपासून कोपराकडे धुवायचं, हात कोपरापेक्षा वर धरायचे, म्हणजे पाणी स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे ओघळतं. गाऊन घातल्यावर छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंतचा पुढचा भाग आणि बाह्या, एवढंच निर्जंतुक. पाठ निर्जंतुक नाही, म्हणून हत्यारांच्या ट्रॉलीकडे पाठ करायची नाही. ट्रॉलीचा फक्त वरचा पृष्ठभाग निर्जंतुक, खाली लोंबणारी चादर नाही. ओली झालेली चादर गेली, कारण ओल खालचे जंतू वर ओढते. पाठ केलेले नियम गडबडीत विसरतात. म्हणून विद्यार्थ्यांना एक कल्पना करायला सांगावी: ओटीतल्या प्रत्येक अनिर्जंतुक वस्तूला गुलाल फासलाय. दाराची कडी, दिव्याची दांडी, स्वतःचा मास्क, सगळं गुलालानं माखलंय. आता बघ, तुझ्या ग्लोव्हला कुठे लागला?

खरा गुलाल दिसला असता. जंतू दिसत नाहीत, आणि या शिक्षणाचा गाभा इथेच आहे. हात दिव्याला निसटता लागला, कोणी पाहिलं नाही, सर्जन घाईत आहेत, लिस्ट लांबली आहे. अशा वेळी 'सर, माझा हात लागला, ग्लोव्ह बदलतो' हे म्हणता येणं हे कौशल्य आहे. ते पुस्तकातून येत नाही, आणि ओरडणाऱ्या सीनियरच्या हाताखाली तर अजिबातच येत नाही. ज्या थिएटरमध्ये हे वाक्य बोलल्यावर शिव्या मिळतात, तिथे मुलं लपवायला शिकतात. लपवलेल्याचा हिशोब पाच-सहा दिवसांनी पेशंटच्या टाक्यांतून पू येऊन होतो, आणि तेव्हा तो कुठल्या क्षणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट फार गांभीर्यानं घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

मोजणीचंही तसंच. पोटाचं ऑपरेशन सुरू होण्याआधी मॉप (रक्त टिपायचे मोठे कापडी तुकडे), गॉज, सुया, हत्यारं मोजून फळ्यावर लिहितात. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजतात, कातडी शिवताना पुन्हा. रक्तानं भिजलेला मॉप आतड्यांमध्ये असा मिसळतो की तो दिसत नाही. म्हणून मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. मोजणी दोघांनी, मोठ्यानं, एकेक वेगळा करत करायची. एक कमी भरला तर? सापडेपर्यंत पोट बंद होत नाही. कचऱ्याची बादली उलटायची, टेबलाखाली बघायचं, नाही मिळाला तर एक्स-रे. नवख्या टेक्निशियननं ज्येष्ठ सर्जनना 'सर, थांबा, एक मॉप कमी आहे' असं म्हणायचं असतं. ते म्हणण्याचा अधिकार त्याला आहे, हे पहिल्या वर्षापासून त्याच्या मनात पक्कं बसवायला हवं.

या बोलण्याला जगानं एक चौकट दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी अशा तीन वेळा सगळ्यांनी थांबून मोठ्यानं वाचायची. पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, बाजू कुठली, अ‍ॅलर्जी आहे का, मोजणी बरोबर आहे का. जगातल्या आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली. त्यात दिल्लीचंही एक होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ वर. यात नवं औषध नव्हतं, नवं मशीन नव्हतं. तरी आजही काही ठिकाणी हा कागद केस संपल्यावर एकदम टिकमार्क करून भरला जातो. विद्यार्थ्यानं असं होताना पाहिलं तर तो तसंच शिकतो.

पोझिशन देणं वरवर हमालीचं काम वाटतं. भूल दिलेल्या माणसाला दुखत नाही, म्हणून तो 'हात अवघडला' असं सांगू शकत नाही. हात बाजूला ९० अंशांपेक्षा जास्त ताणला तर काखेतून जाणाऱ्या नसांचं जाळं ओढलं जातं. लिथॉटॉमीत, म्हणजे पाय वर बांधलेल्या अवस्थेत, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावरून जाणारी नस पट्ट्यानं दाबली गेली तर पेशंट दुसऱ्या दिवशी पाऊल उचलू शकत नाही. मूतखड्याच्या साध्या ऑपरेशनला आलेला माणूस लंगडत घरी जातो. एक मऊ पॅड ठेवलं असतं तर हे टळलं असतं. शरीररचना पहिल्या वर्षी का शिकायची, ते इथे कळतं.

डायथर्मीचं, म्हणजे विजेनं कापण्याचं आणि रक्त थांबवण्याचं, तत्त्वही नीट समजून घ्यायला हवं. पेनच्या टोकातून वीज शरीरात शिरते आणि मांडीला चिकटवलेल्या प्लेटमधून परत जाते. टोक बारीक, म्हणून तिथे जळतं. प्लेट मोठी, म्हणून तिथे काही होत नाही. प्लेट अर्धी सुटली की तीच वीज लहानशा जागेतून जाते आणि तिथे भाजतं. म्हणून प्लेट मांसल, कोरड्या जागी, हाडावर किंवा जुन्या व्रणावर नाही. स्पिरिटयुक्त औषधानं कातडी पुसली असेल तर ते पूर्ण वाळू द्यायचं, चादरीखाली साचलं तर ठिणगीनं पेट घेतं. सी-आर्मशेजारी शिशाचा अ‍ॅप्रन, छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा), आणि शक्य तेवढं लांब उभं राहणं: अंतर दुप्पट केलं की किरणं चौथाई होतात.

हत्यारांची नावं मात्र लोकांना वाटतं तेवढी अवघड नाहीत. अ‍ॅलिस, बॅबकॉक, कोकर, डिव्हर, लँगेनबेक ही मंडळी दोन-तीन महिन्यांत ओळखीची होतात. सर्जनच्या सुरीच्या ३ नंबरच्या हँडलला १०, ११, १५ ची ब्लेड आणि ४ नंबरला २० च्या पुढची, हे हाताला आपोआप कळतं. टाक्यांच्या धाग्यात शून्यं जितकी जास्त तितका धागा बारीक. या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशनचा क्रम समजणं. पुढची पायरी माहीत असलेल्याचा हात मागण्याआधीच पुढे येतो. हे येतं ते केसना उभं राहून.

आता कोर्सच्या निवडीबद्दल. जाहिरातींत 'सहा महिन्यांत ओटी टेक्निशियन, १०० टक्के नोकरी' असं वाचलं की थांबा. संसदेनं २०२१ मध्ये सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात शस्त्रक्रिया आणि भुलीशी संबंधित तंत्रज्ञांचा गट आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची, २ ते ४ वर्षांत विभागलेली असावी असं तो कायदा म्हणतो. दिवसाचे आठ तास, महिन्याचे २५ दिवस धरले तरी सहा महिन्यांत १,२०० तास भरतात. म्हणजे तो कागद सरकारी भरतीत किंवा नोंदणीच्या वेळी अडकण्याची भीती आहे, आणि आई-वडिलांनी भरलेले पैसे परत येत नाहीत. कोर्स कुठल्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा, हे त्या विद्यापीठाच्या यादीत स्वतः पाहून घ्या. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रकच वाचा.

कामाबद्दल लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पाच-सहा तास एका जागी उभं राहावं लागतं. रात्री अपघाताची केस आली की उठावं लागतं. पहिल्या एक-दोन केसना काहींना घेरी येते. रिकाम्या पोटी ओटीत जाऊ नये, आणि घेरी आली तर टेबलापासून मागे सरकून खाली बसावं. त्यात लाज नाही. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांवरचे, पोस्टिंगआधी (प्रत्यक्ष ओटीत काम सुरू होण्याआधी) सुरू झालेले असावेत. सुई टोचलीच तर लगेच धुवून, लगेच कळवून, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. खासगी क्षेत्रात सुरुवातीचा पगार कामाच्या मानानं कमी असतो, हे मला अन्यायाचं वाटतं. पण चांगला शिकलेला टेक्निशियन पुढे हृदयाच्या थिएटरमध्ये, सीएसएसडीच्या (हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागाच्या) प्रमुखपदावर, शिकवण्यात जाऊ शकतो, आणि मुलींसाठीही हे क्षेत्र तितकंच खुलं आहे.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा, पण तिथेच थांबू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा. स्वतःचं हॉस्पिटल आहे की दुसऱ्याच्या ओटीत पाठवतात? पोस्टिंग कितव्या महिन्यात सुरू होतं? गेल्या महिन्यात किती केसना वॉश घेतला, की नुसतं दाराशी उभं केलं? भुलीचं मशीन स्वतः उघडून तपासायला देतात का? स्पोअरची चाचणी कधी लावतात, आणि ती स्वतः वाचून पाहिली आहे का? या पाचांपैकी तीन प्रश्नांना मुलं गप्प राहिली, तर दुसरं कॉलेज पाहा, मग फी कितीही कमी असो.